आमची वाटचाल : आधी काळं, मग चंदेरी

आम्ही फायबरची केलेली पहिल्या ऑर्डरची २४ शिरस्त्राणं मंडळाची मिरवणूक संपवून परत आली, तेव्हा निम्म्यांचा चंदेरी रंग टोपावर राहिलेलाच नव्हता. तो मावळे झालेल्या पोरांच्या तळहातांना आणि कानशिलांना लागला होता. काही टोपांवर तर नखानं कड उचलली की केळीच्या सालीसारखा अख्खा पट्टा सोलून यायचा. खाली फायबर एकदम स्वच्छ, जणू त्याला रंग कधी शिवलाच नव्हता. मंडळाच्या पोरांनी तक्रार केली नाही. "ताई, देखावा लई भारी झाला," म्हणाले आणि ठरलेले पैसे टेबलावर ठेवून गेले. ते पैसे दोन दिवस मी उचलले नाहीत.

आमचं घर कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतलं. सासरी पिढ्यान्‌पिढ्या गणपतीच्या मूर्तींचं काम. माझ्या नवऱ्यानं त्याला फायबरची जोड दिली. मंडळांच्या मोठ्या मूर्ती, सिंहासनं, कमानी तो साच्यात ओतू लागला. पण गणपती गेले की हात रिकामे. कोल्हापुरात मंडळांचे जिवंत देखावे म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. पन्हाळा, पावनखिंड, अफझलखानाची भेट, सगळं गल्लीतली पोरंच उभं करतात. भाड्यानं मिळायचे ते पत्र्याचे टोप जड असायचे आणि कडा कानाला लागायच्या. नवऱ्यानं एक साचा केला, फायबरचं शिरस्त्राण काढलं, आणि ते पत्र्याच्या निम्म्या वजनाचं भरलं. मूर्तीवर हात बसलेला असल्यानं रंगाचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, मूर्तीला रंग देते तसाच हा देईन. चूक तिथेच झाली. मूर्ती एका जागी बसून असते. शिरस्त्राण घामात भिजतं, हातात फिरतं, जमिनीवर आपटतं.

सोललेला एक टोप घेऊन मी उद्यमनगरात गाड्या रंगवणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी टोपाकडे बघितलंही नाही धड. बादलीतून ओंजळभर पाणी घेतलं आणि आतल्या बिनरंगी बाजूवर नाही, तर रंग सोललेल्या जागेवर सोडलं. पाणी पसरलं नाही. अळूच्या पानावर राहतं तसे गोल गोल थेंब उभे राहिले.

"पोरी, ह्येच्या अंगाला मेण हाय. मेणावर रंग बसतोय व्हय? आधी अंघोळ घाल त्येला."

साच्यातून माल सुटावा म्हणून आम्ही साच्याला मेण लावायचो, वर पीव्हीएचा, म्हणजे माल सुटायला मदत करणाऱ्या द्रावणाचा पातळ हात द्यायचो, मग जेलकोट, म्हणजे फायबरचा बाहेरचा गुळगुळीत थर, मग काचतंतूंची मॅट आणि रेझिन. माल सुटताना ते मेण मालाच्या अंगाला चिकटून बाहेर येतं. डोळ्याला दिसत नाही, बोटाला जाणवत नाही. घरी आल्यावर मी भांड्याचा साबण, कोमट पाणी आणि हिरवी घासणी घेऊन एक टोप घासला, खळबळून घेतला, पुन्हा पाणी सोडलं. कपाळपट्टीवर पाणी पसरलं, पण कानामागच्या खाचेत अजून थेंब उभे होते. तिथं परत घासलं. तिसऱ्या वेळी अख्ख्या टोपावरून पाण्याचा एकच पापुद्रा सरकत खाली गेला. त्या दिवसापासून पाणी सरळ पसरलं नाही तर आमच्याकडे प्रायमरचा डबा उघडत नाही.

साबणानंतर टोप पूर्ण वाळवायचा, मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं पाण्यात घासून चमक घालवायची, कारण गुळगुळीत जेलकोटला रंग धरायला काही हवं असतं. साच्याच्या जोडाची रेघ आणि हवेचे बारीक खड्डे लांबीनं, म्हणजे पुट्टीनं भरायचे, ती २२० नंबरच्या पेपरनं उतरवायची. मगच प्रायमर. राखाडी प्रायमर मला फार आवडतो. तो खोटं बोलत नाही. पांढऱ्या फायबरवर न दिसलेला प्रत्येक ओरखडा राखाडीत वर येतो.

सुट्या भागांच्या किटची कल्पना आमची नव्हती, कुरिअरमुळे आली. तयार टोप नाशिकला किंवा बेळगावला पाठवला की तुऱ्याची नळी वाकायची, रंगाला घासे पडायचे. एका नाटकवाल्या मुलानं विचारलं, "ताई, सुटे भाग द्याल का? मीच जोडतो, मीच रंगवतो." डोक्याचा टोप, दोन गालपट्ट्या, नाकपट्टी, तुऱ्याची नळी, रिव्हेट आणि मानेवरची जाळी असं सगळं एका खोक्यात बसलं. खोकं लहान झालं, दर कमी झाला, ऑर्डरी वाढल्या. पण रंगाचा प्रश्न आता गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बसला आणि तिथून दिवसाला चार-पाच फोन माझ्याकडे येऊ लागले.

बहुतेकांचा पहिला हात ऑइलपेंटकडे जायचा, कारण तो घरात असतो. ऑइलपेंट चार-सहा तासांत वरून सुकल्यासारखा वाटतो, पण आतून कडक व्हायला त्याला दिवस लागतात, आणि आपल्या भाद्रपदातल्या ओल्या हवेत तर आठवडाही पुरत नाही. आमच्या पहिल्या २४ टोपांचा रंग हाताला लागला त्याचं हेच कारण होतं. मेणानं सोलला तो वेगळा, ऑइलपेंटनं माखला तो वेगळा. मी दोन्ही चुका एकाच ऑर्डरीत केल्या होत्या.

गॅरेजवाले ज्याला ड्युको म्हणतात तो एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग अर्ध्या तासात हाताळण्याजोगा होतो. पण त्याचं थिनर इतक्या झपाट्यानं उडतं की पृष्ठभाग गार पडतो, आणि हवेत दमटपणा असला की तो पाणी होऊन रंगात शिरतो. काळा टोप बघता बघता दुधाळ होतो. एका जुलैत माझे नऊ टोप असे पांढुरके झाले. कोरड्या दिवशी वरून नुसत्या रिटार्डर, म्हणजे हळू उडणाऱ्या थिनरचा हलका फवारा दिला तेव्हा त्यातले सात परत काळे झाले. तेव्हापासून रंगाच्या खोलीत दमटपणा मोजायचं घड्याळ टांगलंय. काटा ८५ टक्क्यांच्या वर असला की स्प्रे गन खुंटीवरून खाली येत नाही, ऑर्डर कितीही घाईची असो.

आणि ऑइलपेंटवर ड्युको कधीच मारायचा नाही. ड्युकोचं थिनर खालच्या कच्च्या ऑइलपेंटला फुगवतं आणि सगळ्या टोपावर म्हाताऱ्या हातासारख्या सुरकुत्या येतात. हे फोनवर सांगायला एक मिनिट लागतं, पण सांगितलं नाही तर समोरच्याचा टोप वाया जातो. थर्माकोलचा मुकुट स्प्रेनं रंगवणाऱ्यांचे फोनही येतात. थर्माकोल थिनरमध्ये विरघळतो, त्याला आधी फेव्हिकॉलचे दोन-तीन हात द्यावे लागतात, नाहीतर पाण्यातलाच रंग वापरायचा.

२के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग सगळ्यांत टिकाऊ, हे मलाही मान्य आहे. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं घातक रसायन असतं. फवारताना ते छातीत गेलं तर दमा जडू शकतो, आणि कापडी मास्क तिथं काहीच कामाचा नाही. घरातल्या गच्चीवर, शेजारी लहान पोरं खेळत असताना कुणी तो मारावा असं मला वाटत नाही. म्हणून आमच्या खोक्यात तो कधी जाणार नाही. पैसे जास्त देऊन मागणाऱ्यांनाही मी नाही म्हटलंय.

शेवटी ठरलं ते असं : अ‍ॅक्रिलिक प्रायमर, काळा अ‍ॅक्रिलिक, आणि वर थोडासा चंदेरी. पण हे "थोडासा" कळायला मला माहेरची वाट धरावी लागली.

माझं माहेर हुपरीचं. वडील पैंजणांच्या कामात आयुष्य घातलेले. एकदा घरी आले असताना त्यांनी आमचा नवा टोप हातात घेतला. तोवर तो सोलत नव्हता, माखत नव्हता, आणि मला त्याचा अभिमान होता. त्यांनी तो उजेडाकडे फिरवला आणि म्हणाले, "बाळ, ह्यो डबा झालाय. लोखंड न्हवं."

मग मला लहानपणी रोज पाहिलेलं आठवलं. ऑक्सिडाइज्ड पैंजण करताना चांदी आधी गंधकाच्या रसायनात पूर्ण काळी करतात. नक्षी, घुंगरू, कड्या, सगळं काळं ठिक्कर. मग वर आलेला भागच घासून उजळवतात. खाचेतला काळा राहतो म्हणून नक्षी दिसते. मी टोपाला नखशिखान्त चंदेरी फासत होते आणि आकार कुठं दिसत नाही म्हणून हळहळत होते.

त्याच आठवड्यात मी नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात जाऊन जुन्या तलवारींसमोर उभी राहिले. जुनं लोखंड चंदेरी नसतंच. मुठीच्या खाचेत ते तपकिरी-काळं असतं, पात्यावर राखाडी, आणि जिथं हात किंवा म्यान घासतं त्या कडेलाच उजळ. आता आम्ही टोप पूर्ण काळा करतो. आठ-दहा इंचांवरून तीन पातळ हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. फवारा टोपाच्या बाहेर सुरू करून बाहेरच सोडायचा, म्हणजे कडेला ओघळ येत नाही. मग आडवा ब्रश चंदेरीत बुडवून वर्तमानपत्रावर पुसत राहायचं. कागदावर खूण उठेनाशी झाली की तो ब्रश टोपाच्या उंच भागांवरून हलके झाडायचा : रिव्हेटचं डोकं, नाकपट्टीची धार, तुऱ्याच्या नळीची कड. तपकिरी-काळा रंग चहाच्या पाण्याइतका पातळ करून खाचांत सोडायचा आणि वरचा फडक्यानं टिपायचा.

चंदेरीऐवजी ग्रॅफाइटही चालतं. ही युक्ती आमच्याच गावातली म्हणायला हवी. फाउंड्रीत साच्यांना ग्रॅफाइटचा लेप देतात, त्यामुळे ती पूड इथं सहज मिळते. काळ्या टोपावर ती सुती फडक्यानं चोळली की बिडाच्या ओतीव लोखंडाची गडद झाक येते. पण वरून मॅट क्लिअर, म्हणजे बिनचकाकीचा पारदर्शक थर दिलाच पाहिजे, नाहीतर हात काळे होतात. चकचकीत क्लिअर मी देत नाही. केशवराव भोसले नाट्यगृहात आमची शिरस्त्राणं पहिल्यांदा रंगमंचावर दिसली, तेव्हा चकचकीत टोपांवर दिव्यांचे पांढरे ठिपके उठले आणि नटांचे चेहरे त्यात हरवले. मॅटवाले टोप मागच्या रांगेतूनही लोखंडाचे वाटत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये ते नाट्यगृह आगीत गेलं तेव्हा आमच्या घरी त्या रात्री कुणाला झोप लागली नाही.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आमच्यासाठी मोठा घाव होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. गल्लीत पाणी आलं, गणपती तोंडावर होते, मूर्ती वाचवायच्या की टोप, हा प्रश्नच नव्हता. मूर्ती वर नेल्या. किटची खोकी, कंप्रेसर, लेबलं गेली. पाणी ओसरल्यावर गाळातून टोप काढून धुतले. मेण न काढता रंगवलेल्या जुन्या टोपांना फोड आले होते. धुऊन, घासून, प्रायमर देऊन रंगवलेल्यांचा रंग मात्र जागेवर होता. ते बघून नवरा पहिल्यांदा हसला, पूर आल्यापासून. नवा कंप्रेसर घ्यायला हिवाळा उजाडला.

आता गडहिंग्लजच्या एका शाळेनं ३० किट मागितलेत. आठवीची मुलं स्वतः रंगवणार, पण स्प्रे नको, थिनर नको, अशी बाईंची अट आहे आणि ती मला पूर्ण पटलीय. पाण्यातला अ‍ॅक्रिलिक ब्रशनं दिला की रेघा राहतात. म्हणून स्पंजचा तुकडा टिपून टिपून लावून पाहतेय. त्यानं उलट ठोकून घडवलेल्या पत्र्यासारखा पोत येतोय. नमुन्याचा टोप आज सकाळी धुतला. तिसऱ्या घासणीला पाणी सरळ पसरलं. प्रायमर उद्या, ऊन पडलं तर.