डोजची निवडणूक टेबलावर: चिठ्ठ्यांचा भाग जमला

मंडळी, व्हेनिसचं काम बरंच पुढे सरकलंय. १२६८ पासून डोज, म्हणजे व्हेनिस प्रजासत्ताकाचा प्रमुख, ज्या पद्धतीने निवडला जाई, ती पत्ते आणि मणी घेऊन खेळता यावी एवढाच हेतू आहे. चिठ्ठ्यांचे सगळे टप्पे आता अडखळत नाहीत.

क्रम असा: महापरिषदेतून, म्हणजे उमरावांच्या मोठ्या सभेतून, चिठ्ठीने ३०, त्यांतून पुन्हा चिठ्ठीने ९. हे नऊजण मतं देऊन ४० निवडतात, त्यांतले चिठ्ठीने १२ उरतात. बाराजण २५ निवडतात, उरतात ९. ते निवडतात ४५, उरतात ११. अकराजण शेवटचे ४१ निवडतात आणि ते डोज ठरवतात. त्याला निदान २५ मतं हवीत.

वाचताना हे उगाच लांबवलेलं वाटतं. खेळायला बसलं की त्यातली अक्कल दिसते. प्रत्येक घराण्याच्या पत्त्यांना वेगळ्या रंगाचा दोरा बांधलाय आणि कोंतारिनी या बड्या घराण्याला मुद्दाम सगळ्यात जास्त पत्ते दिलेत. पिशवीतून मणी काढायला भाची बसते, कारण व्हेनिसमध्येही हे काम रस्त्यावरून आणलेल्या एका मुलाकडेच असे. निवडीच्या खुणेचा मणी एका कोंतारिनीच्या वाट्याला आला की त्याच्या सगळ्या नातलगांनी बाहेर पडायचं. म्हणजे एका मण्यासरशी तांबड्या दोऱ्याची अख्खी चळत टेबलावरून उठते! पुढे चाळिसांतल्या प्रत्येकाला नवांपैकी सात मतं लागतात, तेव्हा मोरोसिनी, दांदोलो अशा दुसऱ्या घराण्यांशी जमवून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि एवढं जमवून आणलेलं पुढची चिठ्ठी पार विस्कटून टाकते. मला तरी सत्तेला वेसण घालणारी इतकी नेटकी रचना त्या काळच्या युरोपात दुसरी दिसलेली नाही.

निवडून आल्यावरही डोज मोकळा नसतोच. शपथपत्रातल्या अटी आता पत्त्यांवर उतरवतोय. परक्या राजांची पत्रं त्याने एकट्याने उघडायची नाहीत. शहराच्या सहा विभागांचे सहा सल्लागार सोबत हवेत. हे सहा आणि चाळीसजणांच्या न्यायमंडळाचे तीन प्रमुख मिळून डोजसह सिन्योरिया, म्हणजे सरकारचं सर्वोच्च मंडळ, होते; तिची पटावरची जागा आखून झाली.

यानंतर १३५५ चा वेगळा संच करायचाय. तोवर १३१० मध्ये आलेलं दहांचं मंडळ, म्हणजे राज्याच्या सुरक्षेवर नजर ठेवणारं दहाजणांचं मंडळ, चांगलंच मुरलेलं होतं, आणि सत्ता बळकावण्याचा कट केला म्हणून त्याने खुद्द डोज मारिनो फालिएरचा शिरच्छेद करवला. अडचण एकच आहे: दहांचा निकाल गुप्त राहील, पण खेळ थांबणार नाही, असा नियम कसा बसवावा? कुणी गुप्त मतदानाचा खेळ बांधला असेल तर मतं कशी गोळा केली ते जरूर सांगा.