एल-ग्लुकोज: शरीराने नाकारलेली साखर

एल-ग्लुकोज ही आपल्या रक्तातील डी-ग्लुकोजची आरशातील प्रतिमा आहे. दोघींचे रेणुसूत्र C₆H₁₂O₆, रेणुभार 180.16, पाण्यातील विद्राव्यता सारखी आणि गोडीही जवळजवळ सारखीच. त्यामुळे लेबल नसलेल्या दोन बाटल्यांतील पांढऱ्या भुकट्या नुसत्या पाहून वेगळ्या ओळखता येणार नाहीत. फरक कळतो तो ध्रुवणमापीत, म्हणजे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल किती व कोणत्या बाजूला वळवते हे मोजणाऱ्या उपकरणात. समतोलास पोहोचलेल्या द्रावणात डी-ग्लुकोजचे हे वळणे (विशिष्ट वलन) +52.7 अंश, तर एल-ग्लुकोजचे तितकेच उणे भरते.

निसर्गात ती सहसा सापडत नसल्याने घडवावी लागते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी 1890 मध्ये ती प्रथम तयार केली. एल-अराबिनोज या पाच कार्बनी शर्करेला एक कार्बन जोडण्याचा त्या काळचा मार्ग आजही उपयोगी आहे, परंतु त्यातून एल-मॅनोजही सोबत मिळत असल्याने दोन्ही वेगळ्या करण्याचे किचकट काम उरते.

हेक्सोकायनेज हे एन्झाइम एल-ग्लुकोजला फॉस्फेट जोडत नाही, म्हणून ग्लुकोजच्या विघटनाची पहिली पायरीच तिच्यासाठी बंद राहते आणि पेशीला तिच्यापासून ऊर्जा मिळत नाही. यामुळे उष्मांकविरहित गोडी म्हणून तिचा विचार झाला; मंगळावरील व्हायकिंग मोहिमेत जीवसृष्टी शोधणारा प्रयोग करणारे गिल्बर्ट लेव्हिन यांनी त्यासाठी पेटंटही मिळवले होते. उत्पादनखर्चापुढे ती कल्पना टिकली नाही. माझ्या मते तिचे खरे मोल संशोधनातच आहे, आणि तेही ती काही करत नाही म्हणून.

पेशीत ग्लुकोज किती शिरते हे किरणोत्सारी खुणेच्या साहाय्याने मोजताना त्यातील काही भाग वाहक प्रथिनांतून न जाता नुसता झिरपलेला किंवा पेशींच्या पृष्ठभागाला चिकटून राहिलेला असतो. ग्लुकोजला पेशीच्या पटलातून आत नेणारी ग्लुट-1 सारखी वाहक प्रथिने एल-ग्लुकोजला जवळपास ओळखत नाहीत. पण आकार व विद्राव्यता तीच असल्यामुळे ती डी-ग्लुकोजइतकीच झिरपते. म्हणून एल-ग्लुकोजचा आकडा वजा केला की उरते ती वाहकांमार्फत झालेली वाहतूक. तसेच, पेशींवर जास्त साखरेचा परिणाम तपासताना तो साखरेमुळे झाला की केवळ परासरण दाब वाढल्यामुळे, हे ठरवण्यासाठीही तीच तुलनेला ठेवतात. या कामी मॅनिटॉल हे शर्करा-अल्कोहोल स्वस्त पडते, हे खरे. परंतु रचनेतील इतके साम्य त्यात नाही.

अशा तुलनेत शुद्धतेकडे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण थोडीशी डी-ग्लुकोज मिसळलेली असली तरी निष्कर्ष बिघडतो. त्यासाठी ग्लुकोज ऑक्सिडेजची चाचणी घ्यावी. हे एन्झाइम डी-रूपावरच काम करते. शर्करा ओळखण्याची बेनेडिक्टची चाचणी येथे निरुपयोगी आहे, कारण दोन्ही शर्करा तिला सारखाच प्रतिसाद देतात.

भुकटी घट्ट झाकणाच्या बाटलीत, कोरड्या जागी ठेवावी. द्रावण अल्कधर्मी असू नये. अल्कलीत तिचे काही अंशी एल-मॅनोज आणि एल-फ्रुक्टोजमध्ये रूपांतर होते. अमिनो आम्ले असलेल्या माध्यमात ती तापवल्यास रंग तपकिरी होतो, म्हणून निर्जंतुकीकरणासाठी 0.22 मायक्रोमीटरची गाळणी बरी. ताज्या द्रावणाचे वलन मोजण्याची घाई करू नये, कारण तिच्या वलयाकार रेणूच्या अल्फा आणि बीटा या दोन रूपांचा समतोल साधायला वेळ लागतो.

‘कोणताच जीव ती वापरू शकत नाही’ असे विधान मात्र टाळावे. जपानमधील संशोधकांनी 2012 मध्ये पॅराकॉकस प्रजातीच्या एका जिवाणूत तिच्या विघटनाचा मार्ग दाखवून दिला, त्यामुळे मातीतील मिश्र सूक्ष्मजीवांवरील प्रयोगांत ती निष्क्रिय राहील असे गृहीत धरता येत नाही.