कर्कची चाळिशी

मला चाळिशी लागली ती पन्नाशीच्या तोंडावर. म्हणजे वय केव्हाच पुढे निघून गेलेलं आणि चष्मा मागनं धापा टाकत आला. गोळ्यांच्या पाकिटावरची एक्स्पायरी वाचता येईना, मी पाकीट लांब धरतोय, अजून लांब धरतोय, शेवटी हात संपला, तेव्हा बायको म्हणाली आता तरी जा. गेलो. प्रोग्रेसिव्ह का काय ते घेतलं आणि पहिल्या दिवशी जिना उतरताना पायरी नक्की कुठाय तेच समजेना. पण मुद्दा माझ्या चष्म्याचा नाहीये. म्हणजे आहे, पण नंतर. त्याच आठवड्यात भाच्याचा मेसेज आला, मामा, स्टार ट्रेकचे सिनेमे बघायचे म्हणतोय, कुठून सुरू करू आणि कुठले गाळले तर चालतील?

हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा म्हणून मी तीसेक वर्षं तयार बसलोय. आमच्या घरात विचारणारं कुणी नव्हतं.

स्टार ट्रेक म्हणजे अंतराळात फिरणाऱ्या जहाजाची जुनी अमेरिकन मालिका, तिचे थिएटरात लागलेले तेरा सिनेमे आहेत, पहिला 1979 चा, तेरावा 2016 चा. पहिले सहा जुन्या मंडळींचे, म्हणजे जहाजाचा कॅप्टन कर्क, टोकदार कानांचा स्पॉक, डॉक्टर मॅकॉय वगैरे, मग चार पुढच्या मालिकेतल्या कॅप्टन पिकार्डच्या बॅचचे, आणि 2009 पासूनचे तीन पुन्हा कर्क-स्पॉकचेच पण तरण्याताठ्या नटांना घेऊन. यात एक जुना नियम सांगतात, सम नंबरचा सिनेमा चांगला आणि विषम नंबरचा भिकार. आपल्याकडे बाजारपेठेत पाटी असते ना, सम तारखेला या बाजूला पार्किंग, विषम तारखेला त्या बाजूला, तसंच. आणि पार्किंगच्या पाटीसारखाच हा नियम थोडे दिवस पाळला गेला. दोन, चार, सहा, आठ बरोब्बर जमले, मग 2002 मधे दहावा आला तो पडला, आणि अकरावा धो धो चालला. नियम संपला. पण भाच्याला काहीतरी सांगायचं तर होतंच, म्हणून मी सगळे परत बघायला बसलो, नवा चष्मा लावून.

पहिला सिनेमा मी लहानपणी व्हीसीआर भाड्यानं आणून बघितलेला. त्याआधी रविवारी सकाळी दूरदर्शनवर मूळ मालिका लागायची, इंग्रजीतच, निम्मं डोक्यावरून जायचं पण स्पॉकचे कान बघायला सगळी गल्ली जमायची. तर तो पहिला सिनेमा लावला आणि त्यात पर्सिस खंबाटा आली. आपल्या मुंबईची, पारशी, 1965 ची मिस इंडिया, आणि या भूमिकेसाठी तिनं खरंखुरं डोकं भादरलेलं. आजी माळ ओढत बसली होती ती थांबली. "अगोबाई, एवढी गोरीपान पोर, हिचं केशवपन कुणी केलं?" आम्ही समजावतोय की आजी ती दुसऱ्या ग्रहावरची आहे, तिकडे असंच असतं. आजी म्हणाली, "मग तिकडेही तेच का?" आणि उठून आत गेली. उरलेला सिनेमा तिनं बघितला नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही अर्धवटच बघितला कारण झोप आली. नावात मोशन आहे पण हलत काही नाही. सगळ्यांच्या अंगात फिक्या रंगाचे पायजमे, समोर एक भलामोठा ढग, आणि हे त्या ढगाकडे बघतायत, बघतायत, अजून बघतायत. ढगाच्या पोटात शेवटी काय निघतं तर आपलंच जुनं व्हॉयेजर यान, सहा नंबरचं (खरी दोनच, 1977 ला सोडलेली), त्याच्या पाटीवरची मधली अक्षरं पुसली गेलीत म्हणून ते स्वतःला व्हीजर म्हणवतंय. कल्पना झकास आहे हो. पण तिथपर्यंत पोचेस्तोवर माणूस म्हातारा होतो.

त्यात एक सीन आहे, कर्क आता अॅडमिरल झालाय, टेबलामागे बसणारा, आणि त्याला त्याचं जहाज नव्यानं दुरुस्त केलेलं दाखवायला नेतात. छोट्या शटलमधून जहाजाचा इंजिनिअर स्कॉटी त्याला जहाजाभोवती फिरवतो, पाच-सहा मिनिटं, कुणी बोलत नाही, नुसतं जेरी गोल्डस्मिथचं संगीत. लहानपणी आम्ही हा भाग फॉरवर्ड केलेला. परवा बघताना मला एकदम आमचे बाबा आठवले. रिटायर झाल्यावर सहा महिन्यांनी ते ऑफिसात चक्कर मारून आले होते, काही काम नव्हतं, उगाच पेन्शनच्या कागदाचं निमित्त काढून. कर्क पण तसाच, निमित्त ढगाचं. आणि जहाजावर आल्या आल्या तो तरुण कॅप्टनला खुर्चीतून उठवून स्वतः बसतो, आणि मग जहाजातलं नवीन काय कसं चालतं ते त्यालाच माहीत नसतं! एवढा मसाला हाताशी होता, पण पडद्यावर कुणी चकार शब्द काढत नाही की अरे तुझं वय झालंय. सगळे पोट आत ओढून उभे. मला वाटतं सिनेमा तिथे फसलाय, ढगात नाही.

कारण दुसरा बघा. 1982. पहिल्यावर साडेचार कोटी डॉलरच्या आसपास उधळून झालेले, म्हणून दुसऱ्याला साधारण त्याच्या पाव भागाएवढेच मिळाले. जहाज गोदीतून निघायचे शॉट्स सरळ पहिल्यातलेच उचललेत, रात्रीच्या पोळ्यांची सकाळी फोडणीची पोळी. दिग्दर्शक निकोलस मेयर, याला स्टार ट्रेकचं काही सोयरसुतक नव्हतं, आणि मला वाटतं तेच पथ्यावर पडलं. कारण त्यानं पहिल्या पंधरा मिनिटांतच कर्कचा वाढदिवस आणला आणि मॅकॉयनं त्याला भेट काय दिली? चाळिशी! जुन्या काळची, नाकावर टेकवायची, कारण डोळ्यांसाठी जे औषध असतं त्याची कर्कला अॅलर्जी. कर्कचं तोंड बघा त्या वेळी. माझं दुकानात तसंच झालं असणार.

आणि पुढे नुसतं वाढदिवसापुरतं नाही ठेवलंय. ऐन लढाईत, जहाज फुटलंय, सिनेमातला व्हिलन खान समोर पडद्यावर दात ओठ खातोय, वेळ दिलाय मिनिटभराचा, आणि शत्रूच्या जहाजाचा पाच आकडी कोड वाचायचाय तर कर्क खिशातून चष्मा काढून लावतो. ओटीपी आलाय आणि चष्मा सापडत नाहीये ही आपली रोजची गत, फक्त इथे जहाजभर माणसं मरायची बाकी आहेत. असला हिरो मी दुसरा बघितलेला नाही.

खानबद्दल पण सांगायलाच हवं. खान नूनियन सिंग. 1967 च्या एपिसोडमधून आणलेला माणूस, तिथे त्याचं वर्णन उत्तर हिंदुस्तानातला, बहुतेक शीख असावा असं. नावात खान पण आहे आणि सिंग पण आहे, आणि काम कुणी केलंय तर रिकार्डो माँटलबान, मेक्सिकोचा. मालिकेतली माहिती अशी की या खाननं 1992 ते 96 पाव पृथ्वीवर राज्य केलं. आम्ही तेव्हा इथेच होतो, आमच्याकडे तर लोडशेडिंग होतं. पुढे 2013 मधे तोच खान बेनेडिक्ट कंबरबॅच झाला, म्हणजे होता तो थोडाफार सावळेपणाही गेला. पण माँटलबानबद्दल तक्रार नाही, माणूस पेटलेला आहे नुसता. गंमत म्हणजे अख्ख्या सिनेमात तो आणि कर्क एकदाही समोरासमोर येत नाहीत, सगळं भांडण स्क्रीनवर, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपसारखं. शेवटी स्पॉक जातो, काचेच्या आत तो आणि बाहेर कर्क. त्यावर मी काही लिहीत नाही. बघा.

तिसऱ्यात स्पॉकला परत आणलाय, दिग्दर्शन खुद्द लेनर्ड निमॉयचं म्हणजे स्पॉकचंच, कर्कचा मुलगा जातो, जहाज जळतं, ठीक आहे, दोन आणि चारला जोडणारा पूल समजा आणि ओलांडून जा.

चौथा मात्र आमच्या आईनं पण बघितला आणि हसून हसून डोळे पुसले. 1986. यात व्हिलनच नाही. एक परकं यान देवमाशांना हाका मारत येतं, उत्तर द्यायला पृथ्वीवर देवमासे उरलेले नाहीत, मग ही सगळी साठीकडे झुकलेली मंडळी भूतकाळात सॅन फ्रान्सिस्कोला जातात, देवमासे आणायला. म्हणजे गावाकडची माणसं पहिल्यांदा मुंबईला आल्यासारखी. स्कॉटी कॉम्प्युटरचा माऊस हातात धरून त्याच्याशीच बोलतो. बसमध्ये एक पोरगा टेपरेकॉर्डर ठणाणा लावून बसलाय, स्पॉक त्याच्या मानेला हळूच चिमटा काढतो, पोरगा आडवा, आणि अख्खी बस टाळ्या वाजवते. एसटीत शेजारचा मोबाईलवर फुल आवाजात रील्स बघत असतो तेव्हा मी माझ्या बोटांकडे बघतो, कसम से. तर या चौथ्यात पैसे लागतात म्हणून कर्क काय करतो, तीच मॅकॉयनं दिलेली चाळिशी जुन्या वस्तूंच्या दुकानात विकतो. दुकानदार म्हणतो काचा धड असत्या तर जास्त आले असते, शंभर डॉलर देतो. शंभर म्हणजे जास्त का? हे कर्कला माहीतच नाही. स्पॉक विचारतो, अहो ती तर भेट मिळालेली ना, तर कर्क म्हणतो पुढे कधीतरी पुन्हा मिळेलच की.

पाचव्याला सगळे शिव्या घालतात, दिग्दर्शक खुद्द विल्यम शॅटनर म्हणजे कर्क. आकाशगंगेच्या मधोमध देव भेटतो आणि तो यांचं जहाज मागतो, तर कर्क त्याला विचारतो, देवाला जहाज कशाला लागतं? तिकडच्या लोकांना हा फार थोर प्रश्न वाटला असेल, पण आपल्याकडे गणपतीला उंदीर लागतो, खंडोबाला घोडा लागतो, देव आहे म्हणजे वाहन आलंच की! आमच्या घरी कुणालाच काही वावगं वाटलं नाही. पण त्यात सुरुवातीला तिघे शेकोटीपाशी बसून घेवड्याच्या बिया खातात आणि बेसूर गातात, आणि कर्क सहज म्हणून जातो की मी मरेन तो एकटा मरेन, हे मला पक्कं ठाऊक आहे. बाकी सिनेमा गेला खड्ड्यात, तेवढी दहा मिनिटं माझ्या यादीत वर आहेत. (आणि सातव्यात खरंच तसा मरतो तो, पुलाखाली सापडून, शेजारी पिकार्ड असतो पण आपली माणसं कुणी नाहीत.)

सहावा डिसेंबर 1991 चा, परत मेयर. क्लिंगॉन, म्हणजे कर्कच्या लोकांचे जुने परग्रही शत्रू, म्हणजे रशिया हे शेंबड्या पोराला कळेल, क्लिंगॉनांचा चंद्र फुटतो ते चेर्नोबिल, आणि सिनेमा लागला त्याच महिन्याच्या शेवटी सोव्हिएत युनियनच उरलं नाही. मॅकॉयचं काम करणारा डीफॉरेस्ट केली तेव्हा 71 चा, स्कॉटी जेम्स डूहान पण 71, हालचाली बघूनच गुडघे कळतात, लपवत कुणी नाही. तह करायचाय त्यांच्याशी ज्यांनी कर्कचा मुलगा मारला, आणि स्पॉक त्याला विचारतो, आपण दोघं इतके म्हातारे आणि ताठर झालो का की आता कुणाच्या कामाचेच नाही? शेवटी एकेकाच्या सह्या पडद्यावर येतात. विशीत हे सगळं मला स्लो वाटलेलं.

पिकार्डच्या चौघांतला आठवा बघ म्हटलं भाच्याला, बाकीचे तीन परीक्षा झाल्यावर. आठव्यात 5 एप्रिल 2063 ला परग्रहावरचे पाहुणे मोंटानात उतरतात. मी हिशेब केला, असेन का तोवर, मग सोडून दिला.

भाच्याला अर्थातच 2009 चा सगळ्यात आवडणार, आवडलाच, वाईट नाहीच तो, पळतो नुसता. इंजिनरूम म्हणून बिअरच्या कारखान्यात शूटिंग केलंय, पिंप आणि पाइप बघून शंका येतेच. पण प्रत्येक शॉटमधे कुणीतरी डोळ्यात टॉर्च मारतंय असं वाटतं, ती तिरीप या काचांतून दुप्पट दिसते. पोरं देखणी, पळतात, उड्या मारतात, आणि मला सारखं वाटत राहतं यांना अजून काही झालेलंच नाहीये. 2013 मधे दुसऱ्यातलाच काचेचा सीन उलटा करून घातलाय, आत कर्क, बाहेर स्पॉक, आणि थोड्या वेळात मेलेला माणूस उठून बसतो. पंधरा वर्षांच्या ओळखीवर रडायचं ते दोन सिनेमांच्या ओळखीवर कसं रडणार. तेरावा बरा आहे. त्यात कर्कचा वाढदिवस असतो, मॅकॉय बाटली घेऊन येतो, आणि शेवटी तरुण स्पॉकला जुन्या मंडळींचा म्हातारपणचा ग्रुप फोटो सापडतो. तो फोटो बघून मी पॉज केला आणि चहा टाकला.

तर मी भाच्याला लिहिलं, दोन, चार, सहा, आठ, मग पाचव्याची पहिली वीस मिनिटं. पहिला ऐच्छिक, पन्नाशीनंतर बघ.

चार दिवस काही नाही. मग रात्री साडेअकराला मेसेज. "मामा, चौथा संपला. तो चष्मा त्यानं 1986 ला विकला आणि मॅकॉयनं तोच त्याला दिला असेल, तर मुळात बनवला कुणी?"

मी उठून बसलो. म्हटलं दुकानदार म्हणाला ना अठराव्या शतकातला आहे म्हणून. तो म्हणाला, दुकानदार बघून सांगतोय, त्याला काय माहीत तीनशे वर्षं फिरतोय ते. म्हटलं पण मॅकॉयनं दिला तेव्हा काचा धड होत्या, विकला तेव्हा फुटक्या, म्हणजे मधे कुणीतरी बदलल्या असणार. तो म्हणाला, मग काचा दर फेरीला नवीन आणि फ्रेम दर फेरीला तीनशे वर्षांनी जुनी, एक दिवस फ्रेम मोडणार ना मामा. मी कागद घेतला, रेघा मारायला लागलो, 1986 इकडे, 2285 तिकडे, चष्मा कपाळावरच होता तो शोधण्यात पाच मिनिटं गेली, आणि तेवढ्यात त्याच्या नंबरवरून ताईचा व्हॉइस मेसेज आला, "अरे उद्या त्याचं सबमिशन आहे, तुला काही काम नाही का?"