तुम्ही विचारलंत म्हणून: त्या गेमला एक स्टार का दिला

‘चार वर्षं तूच खेळलीस, पैसेही टाकलेस, मग आता त्याच गेमला एक स्टार कसा देतेस?’ ऑफिसात, घरी, गेममधल्या जुन्या क्लॅनच्या, म्हणजे संघाच्या, ग्रुपवर, सगळीकडे हाच प्रश्न. एकदा नीट सांगून टाकते.

गेम असा: आपलं गाव बांधायचं आणि दुसऱ्यांच्या गावांवर हल्ले करायचे. पहिलं दीड वर्ष मी एक रुपयाही टाकला नव्हता. तेव्हा गेममधलं खुपणारं सगळं मला दिसायचं आणि मी ते बोलायचेही. एक बुरुज चढवायला अकरा दिवस, आणि लगेच हवा असेल तर जेम्स, म्हणजे गेममधलं चलन, विकत घ्या. अपग्रेडला 600 जेम्स लागणार आणि पॅक 500 चा, म्हणजे दुसरा पॅक आलाच. मग एका रात्री 89 रुपयांचा पॅक घेतला आणि माझी भाषाच बदलली. कुणी ‘पे-टू-विन आहे’, म्हणजे पैसे टाकेल तोच जिंकतो, असं म्हटलं की मीच अंगावर जायचे: ‘जबरदस्ती आहे का? नको तर घेऊ नका.’ 89 चे 799 झाले, तशी मी आणखी जोरात भांडायला लागले. गेम वाईट म्हणायचा तर माझे पैसे पाण्यात गेले हे कबूल करावं लागलं असतं.

पैसे घेतले म्हणून लोक चिडतात, हे मला पटत नाही. बीजीएमआय या बंदुकांच्या गेममध्ये पोरं यूसी, म्हणजे तिथलं विकतचं चलन, टाकून बंदुकीची स्किन, म्हणजे नुसतं वेगळं रूप, घेतात. त्याने गोळी काही जास्त लागत नाही, म्हणून त्यावरून फारसं कुणी भांडत नाही. कँडी क्रशमध्ये पाच लाइफ संपल्या की पुढची यायला अर्धा तास लागतो. आई तेवढ्यात मेथी निवडून घेते. लोक चिडतात ते ताकद विकली की, किंवा आत काय निघेल हे नशिबावर सोडून पेटी विकली की. पैसे देऊन घ्यायच्या अशा पेट्या बेल्जियमने 2018 मध्ये जुगारात धरल्या. म्हणून 2022 मध्ये डायाब्लो इमॉर्टल हा गेम तिथे आलाच नाही. तेव्हा मी म्हणाले होते, ‘एवढं काय त्यात?’

आता खरं कारण.

मी लीडर होते, पन्नास जणांचा क्लॅन. त्यात बार्शीकडचा अकरावीतला एक मुलगा होता. त्याचं गाव माझ्यापेक्षा तीन लेव्हल खाली, पण कुठल्या बाजूने शिरायचं, काय आधी पाडायचं, हे त्याच्याइतकं क्लॅनमध्ये कुणालाच कळत नव्हतं. दिवाळीत इव्हेंट आला. पॅक घेतला की पॉइंट्स धडाधड वाढायचे. शेवटच्या दिवशी आम्ही बक्षिसाच्या जरा खाली होतो. को-लीडर म्हणाले, ‘फुकट्याला काढ, एक जण तयार बसलाय.’ मी यादी उघडली. सगळ्यात खाली त्याचं नाव, पॉइंट्स 2,140, आणि त्याच ओळीत अटॅक 14 पैकी 14. मी ते वाचलं. वाचून किक दाबलं. कारणाच्या चौकटीत लिहिलं, ‘अपग्रेड कमी.’

दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला. ‘ताई, मी एकपण अटॅक चुकवला नाही.’

मी लिहिलं, ‘अरे, 89 चा पॅक तरी घे, मग परत ये.’

‘आईचा फोन आहे ताई.’

त्यावर मी काहीच लिहिलं नाही. बक्षीस मिळालं, सोनेरी झेंडा. ग्रुपवर सगळे नाचत होते, मीही नाचले.

त्यानंतर कधीतरी ऑर्डर हिस्टरी उघडून बेरीज केली: 38,460 रुपये. त्यावरून मला कुणी ऐकवू नये. माझा पगार, माझे पैसे, कुणाकडे हात पसरला नाही. आणि त्या चार वर्षांतली मजा खोटी होती असंही मी म्हणणार नाही. रात्री साडेअकराला शेवटच्या अटॅकला सगळा क्लॅन जागा असायचा, ते मला अजून हवंसं वाटतं. पण दीड वर्ष बिनपैशाने खेळलेली मी त्या दिवशी यादीत असते, तर मीच मला काढलं असतं. म्हणून एक स्टार. तो गेमला दिला की स्वतःला, हे तुम्ही विचाराल, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

मागच्या महिन्यात त्याची प्रोफाइल शोधली. दुसऱ्या क्लॅनमध्ये आहे, को-लीडर झालाय. नावाला पासची सोनेरी पट्टी आहे. ती विकतच घ्यावी लागते.

आता त्याचा स्वतःचा फोन असेल. असावा.