सी-टेनचं नाक अडीच इंच खाली आणताना

टेक्सासमध्ये जुन्या शेव्हरोले पिकअपचे शौकीन गल्लोगल्ली सापडतात, आणि गाडी दाखवली की प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, 'खाली कधी घेणार?' माझी १९७२ ची सी-टेन, आखूड हौद्याची, ११५ इंची व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर तेवढं. कंपनीतून आली तेव्हा ती ओझं वाहायला आली होती, त्यामुळे चाक आणि मडगार्ड यांच्यात मूठ आत जाऊन वर जागा उरते. मला ती उंची कायम खटकायची. बाबांना व्हिडिओ कॉलवर बेत सांगितला तर म्हणाले, "अरे, इथे लोक खड्ड्यांपायी गाडी उंच करून घेतात आणि तू खाली करतोयस?" त्यांचंही बरोबरच. सांगलीत मी हा उद्योग केला नसता.

खाली आणायचे मार्ग तीन. सगळ्यात स्वस्त म्हणजे स्प्रिंगचा एखादा वेढा ग्राइंडरने कापणे. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते आणि गाडी आदळायला लागते. काही जण गॅसच्या ज्वाळेने स्प्रिंग तापवून बसवतात. त्याने पोलादाचं पाणीच उतरतं, आणि या मॉडेलमध्ये पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे असते हे ध्यानात घेतलं तर त्या वाटेला न गेलेलंच बरं. दुसरा मार्ग तयार आखूड स्प्रिंगचा. तो वाईट नाही, पण त्यात खालचा आर्म (चाकाला फ्रेमशी जोडणारा दांडा) मुळातच वर उचललेला राहतो, त्याला अडवणारा रबरी बम्प स्टॉप जवळ येतो, शॉक अ‍ॅब्सॉर्बरही आखूड लागतात.

मी तिसरा निवडला: ड्रॉप स्पिंडल. वरच्या आणि खालच्या आर्मच्या टोकाला गोल सांधा असतो, तो बॉल जॉइंट. त्या दोन बॉल जॉइंटच्या मध्ये जो उभा घडीव तुकडा असतो, त्यावरचा चाकाचा दांडा अडीच इंच वर सरकवलेला. चाक वर गेलं म्हणजे गाडी तेवढीच खाली आली. स्प्रिंग तीच, आर्मचे कोन तेच, शॉकही जुनेच चालतात. शेव्हरोलेने १९६३ पासून या ट्रकना पुढे कॉइल स्प्रिंग दिल्या आणि १९७१ पासून डिस्क ब्रेक, म्हणून १९७२ च्या गाडीला डिस्कचे स्पिंडल मागवायचे. ड्रमचे वेगळे असतात.

खरी भीती स्प्रिंगची. इंजिनाचं वजन पेलणारी ती स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत बसलेली असते, आणि खालचा बॉल जॉइंट सुटला की तिला धरून ठेवतो तो फक्त आर्मखालचा जॅक. म्हणून फ्रेम स्टँडवर, आर्मखाली जॅक, आणि वर स्प्रिंगच्या वेढ्यांतून साखळी ओवून ती फ्रेमला बांधली. शेजारच्या निवृत्त मेकॅनिक आजोबांनी साखळी हाताने ओढून पाहिली, तेव्हाच पुढचा पाना लावू दिला.

ब्रेकची डिस्क चिमटीत धरणारा कॅलिपर तारेने वर टांगला. तो ब्रेकच्या रबरी होजवर (नळीवर) लोंबकळला की होज आतून फाटतो. मग रोटर म्हणजे डिस्क, स्टीअरिंगचा टाय रॉड, आणि शेवटी बॉल जॉइंट. पन्नास वर्षांचा गंज चढलेला टेपर (जॉइंटचा घट्ट बसलेला निमुळता दांडा) सहज सुटत नाही. दुभंगी काटा ठोकून घालायची पद्धत आहे, पण त्याने रबरी बूट फाटतो. आजोबांची रीत वेगळी: नट चार आटे ढिला करून तसाच ठेवायचा, मग एक हातोडा टेपरच्या बाजूला टेकवून समोरून दुसऱ्याने ठोकायचं. खालचा जॉइंट असा सुटला की अंगावर काटा येतो, पण नटामुळे आर्म जागचा हलत नाही.

नवीन स्पिंडल बसवणं त्या मानाने बिनडोक काम. बेअरिंग धुऊन नवीन ग्रीस भरलं, टॉर्क रेंचने नट आवळले, प्रत्येक नटात नवी स्प्लिट पिन घातली. जुनी पिन सरळ करून परत वापरणाऱ्यांशी माझं जमत नाही. चाक लावून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं, कारण काही स्पिंडल चाक थोडं बाहेर ढकलतात आणि रुंद टायर मडगार्डला घासतो. माझा वाचला.

अलाइनमेंटच्या दुकानात नुसतं 'करून द्या' म्हणू नका. वरच्या आर्मच्या शाफ्टपाशी शिम (पातळ पत्रे) घालून कॅम्बर म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल आणि कॅस्टर म्हणजे स्टीअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागचा कल जुळवतात. कॉम्प्युटरमधले आकडे त्या काळच्या टायरसाठीचे, आपण रेडियल वापरतो. मी कॅस्टर थोडा जास्त मागितला, हायवेवर गाडी सरळ धावते. नाक खाली गेल्याने हेडलाइटचा झोतही जवळच पडायला लागतो, तोही भिंतीसमोर उभं करून वर घेतला.

आता मागची बाजू उंच दिसते. तिथे चार इंच खाली आणणाऱ्या कॉइल स्प्रिंग मागवल्यात, सोबत शॉकची जागा बदलणारे ब्रॅकेट.