मॅरो, नोंद ६ : सातवी गाठ धरली!

मॅरो म्हणजे झुकिनीसारखा लांबट भोपळा, आणि गाठ म्हणजे मादी फुलामागचं इवलं फळ. आज सकाळी त्या सातव्या गाठीला पट्टी लावली : ११ सेंटिमीटर. चार दिवसांपूर्वी फूल उमललं तेव्हा हीच गाठ जेमतेम ४ सेंटिमीटर होती. आता हिरवीगार, तुकतुकीत आहे आणि टोकाला पिवळेपणाचा मागमूस नाही. आधीच्या सहा गाठी गेल्यानंतर ही सातवी धरली, त्यामुळे सकाळपासून तीनदा जाऊन बघून आले.

मागच्या दोन नोंदींत मी सगळा दोष कॅल्शियमवर टाकला होता. अंड्याच्या कवचांची पूड घातली, पाण्याच्या वेळा बांधल्या, आच्छादन जाड केलं. ते निदानच चुकीचं होतं. कॅल्शियम कमी पडून होणारी सड वाढत्या फळाला लागते. टोकाला काळपट, खोलगट, चामड्यासारखा डाग पडतो. माझ्या गाठी वाढतच नव्हत्या. तीन-चार दिवसांत टोकाकडून पिवळ्या पडून, सुरकुतून, बोट लावलं की लिबलिबीत लागायच्या. परागीभवन न झाल्याची ही सरळ खूण, आणि मी तिच्याकडे महिनाभर दुर्लक्ष केलं.

मग वही काढली. कुठली मादी कुठल्या दिवशी उमलली आणि त्या दिवशी नर फूल होतं का, एवढंच बघितलं. सहापैकी चार दिवस एकही नर नव्हता! वेलवर्गात आधी नर येतात हे आपण सगळे धरून चालतो, पण या झुडूपवजा जातींत हवा थंड असली की माद्या आधी येऊ शकतात. उरलेल्या दोन दिवशी नर होता, पण मी दहा वाजता गेले. तोवर पाकळ्या मिटायला लागल्या होत्या. पहाटे उमललेलं हे फूल दुपारपर्यंत टिकत नाही.

आता जमलेली पद्धत. संध्याकाळी कळ्या बघायच्या. उद्या उमलणारी कळी टोकाला केशरी-पिवळी झालेली असते आणि हाताला फुगीर लागते. मादीच्या टोकाला कपड्याचा हलका चिमटा लावायचा. नराची तशीच कळी लांब देठासकट कापून पेल्यात पाण्यात ठेवायची, सकाळी ती घरातच उमलते. साडेसहाला नराच्या पाकळ्या ओरबाडून टाकायच्या, मधला दांडा उघडा करायचा आणि मादीचा चिमटा काढून तिच्या कुक्षीवर (फुलाच्या मधल्या, पराग घेणाऱ्या भागावर) हलकेच फिरवायचा. कुक्षीचे तीन भाग असतात, तिन्हींवर पिवळी पूड दिसली पाहिजे. एक भाग सुटला तर फळ वाकडं किंवा टोकाशी बारीक होतं. आभाळ भरून आलं होतं म्हणून मी चिमटा परत लावला, पराग भिजायला नको.

ब्रश वापरू नका, असं माझं ठाम मत झालंय. याचे पराग चिकट असतात, अर्धे केसांतच अडकून राहतात. फुलानेच फुलाला लावा. आणि बियांच्या पाकिटावर ‘झुडूप’ लिहिलेल्या दोन रोपांपैकी एक सरळ वेल निघालंय, ते मांडवावर चढवावं लागलं. त्या विक्रेत्याकडून पुन्हा बी घेणार नाही.

भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) थोडी आहे. खालची चार पानं काढली, विषय संपला.

गेल्या हंगामातल्या साठवणीचा निकालही लागला. दोन मॅरो ठेवले होते. साल नखाने टोचेना इतकी टणक झाल्यावर तोडले, आठवडाभर उन्हात वाळवले, मग कोरड्या गार जागी एकमेकांना न लावता ठेवले. एकाचा देठ उचलताना मोडला होता, तो तिथूनच आत सडला. दुसरा अडीच महिन्यांनी कापला : गर पांढरा, घट्ट. साल काढून, बियांचा भाग चमच्याने खरवडून जाड फोडी केल्या. मीठ लावून वीस मिनिटं निथळत ठेवल्या तर वाटीभर पाणी सुटलं. झाकण न ठेवता मोठ्या आचेवर परतल्या म्हणून लगदा झाला नाही. गर चवीला सौम्य असतो, आलं आणि लिंबू हवंच.

ही सातवी कोवळीच तोडायची असं ठरलं होतं. पण लिहिता लिहिता लक्षात आलं, चिमटा आधीही होता आणि नंतरही. म्हणजे बाहेरचा पराग आत गेलेला नाही, या फळाचं बी शुद्ध निघेल! नाहीतर याच प्रजातीतल्या शोभेच्या भोपळ्यांशी संकर होऊन पुढच्या पिढीत कडू फळं येतात, आणि कडू लागलं तर तो घास थुंकून फळ टाकूनच द्यायचं, ते विषारी असू शकतं. तर बेत बदलला. हे फळ पक्व होऊ देते. तोडल्यावरही बी आत भरत राहतं, त्यामुळे साठवणीनंतर कापलं की गर खायला आणि बी पेरायला. एक फळ पिकायला ठेवलं की त्या झाडावर नवीन फळं कमी धरतात, म्हणून मांडवावरच्या वेलाची मात्र दर दोन दिवसांनी कोवळी तोडणार.

देठाला लाल दोरा बांधून आले, चुकून कोणी तोडायला नको. उद्यासाठी दोन नर कळ्या पेल्यात आहेत आणि मांडवावर एका मादीला चिमटा लावलाय.