पत्रिका न मिळालेली देवी

अमळनेरला चुलतभावाची हळद. वरणबट्टी, वांग्याची भाजी, सगळं झकास. फक्त मोठी आत्या रुसलेली. "माले पत्रिका बी नही!" फोनवर आमंत्रण केलं होतं, पण ते तिच्या हिशोबात धरलंच नाही.

मला एकदम एरिस आठवली. ग्रीकांची कलहाची देवी. पेलेउस-थेटिसच्या लग्नाला तिला बोलावलं नाही, तर हिने 'सर्वांत सुंदर स्त्रीसाठी' असं लिहिलेलं सोन्याचं सफरचंद मांडवात टाकलं. तीन देव्या भांडल्या, पुढे थेट ट्रॉयचं युद्ध!

2005 साली प्लूटोपलीकडे एक गोळा सापडला. आधी वाटलं, प्लूटोहून मोठा. मग ग्रह म्हणायचं तरी कोणाला? 2006 च्या ऑगस्टमध्ये प्राग इथं खगोलशास्त्रज्ञांचं मतदान झालं आणि प्लूटो बिचारा ग्रहांच्या पंगतीतून उठून बटुग्रहांत गेला. भांडण लावणाऱ्या त्या गोळ्याचं नाव ठेवलं एरिस. (मोजल्यावर आकारानं प्लूटोच थोडा मोठा निघाला, वजनाला मात्र एरिस भारी.)

भाच्याला हे सगळं रंगवून सांगितलं. तो म्हणे, "मामा, म्हणजे मोठी आजी एरिस?"

आत्या मागंच उभी होती. हातात बट्टीचं ताट.